सुई जोर, दोरा थांब

शाळेला वल्ह्यांची नाव मिळाली तेव्हा ती कोणाच्या गळ्यात मारायची हे ठरवायला शिक्षकांची सभा भरली. नेमक्या त्याच वेळी शिवणाच्या बाई अस्तराचं कापड आणायला बाजारात गेल्या होत्या. जो सभेला नसतो त्याच्याबद्दल एकमत फार लवकर होतं. बाई परत आल्या तोवर शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर लिहूनही झालं होतं की मुलींची वल्हवण्याची टीम शिवणाच्या बाईंकडे.

"अहो, मला पोहतासुद्धा येत नाही," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला कुठे पाण्यात उतरायचंय? काठावरून ओरडायचं फक्त," मोठ्या बाई म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांचं म्हणणं साध्या आवाजात असलं तरी ते हुकूमच असायचं.

झालं. सहा वर्षं बाई कालव्याच्या काठावरून ओरडत होत्या. एका हातात सायकलचं हँडल, दुसऱ्या हातात पत्र्याचा भोंगा, पदर खोचलेला, आणि शेजारून पाण्यात लांबलचक अरुंद नाव. नावेत चार मुली, प्रत्येकीकडे एकेक वल्हं, दोघींची एका बाजूला आणि दोघींची दुसऱ्या. वल्हवणाऱ्यांची तोंडं मागे, म्हणजे जिथून निघालो तिकडे. पुढे काय आहे ते त्यांना दिसत नाही. ते दिसतं फक्त पाचव्या मुलीला. ती नावेच्या शेपटाला, या चौघींकडे तोंड करून बसते, सुकाणूच्या दोऱ्या हातात धरते आणि कोणी किती जोर लावायचा ते ओरडून सांगते. सुकाणू पोस्टकार्डाएवढं, त्याच्या जिवावर नाव वळत नाही. वळण आलं की एका बाजूने जोर लावायचा आणि दुसऱ्या बाजूने थांबायचं. म्हणून त्या पाचवीच्या जिभेवर सगळं असतं.

पहिल्या वर्षी बाईंनी हे काम कपाळाला आठ्या घालून केलं, दुसऱ्या वर्षी आठ्या गेल्या, आणि तिसऱ्या वर्षी सुट्टीच्या दिवशीही त्या पहाटे कालव्यावर दिसायला लागल्या. चार वल्ही एकदम पाण्यात शिरून एकदम वर आली की बाईंना इतकं बरं वाटायचं की ते शब्दांत सांगायला त्या कधी गेल्या नाहीत. पुढे दोन वर्षांपूर्वी वेळापत्रकातून शिवणाचा तासच गेला. शिलाईची यंत्रं जिन्याखाली गेली. बाईंकडे उरलं सुलेखन, गैरहजर शिक्षकांचे तास आणि नाव. सुलेखन कोणीही शिकवू शकतं. गैरहजरांच्या तासाला तर फळ्याशेजारी उभं राहिलं तरी भागतं. शाळेत यायचं ते नावेसाठी, असं बाई यजमानांना स्पष्ट सांगायच्या.

आता बाईंची एक गोष्ट सांगायला हवी. ती शाळेत कोणालाही ठाऊक नव्हती. बाईंना डावं-उजवं कळत नव्हतं.

हसण्यासारखंच आहे, पण खरं आहे. वय चौपन्न, नजर अशी की उसवलेला टाका दहा पावलांवरून दिसावा, हिशेबात पक्क्या, चेहरा एकदा पाहिला की विसरायच्या नाहीत. पण "उजवीकडे वळा" म्हटलं की त्यांच्या डोक्यात धुकं व्हायचं. नऊ वर्षांच्या असताना कवायतीत सगळा वर्ग एकीकडे वळला आणि या दुसरीकडे, शेजारणीच्या नाकाला नाक लावून. "हिला डावं-उजवंसुद्धा कळत नाही," असं तेव्हाचे मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले होते. त्या दिवसापासून बाईंनी ही गोष्ट जी झाकली ती झाकलीच. यजमान बस चालवायचे, त्यांना मात्र सगळं माहीत होतं. "ही 'डावीकडे' म्हणाली की मी गाडी उभी करतो आणि म्हणतो, बोट दाखव," असं ते मेहुण्यांना सांगायचे आणि मग घरात दोन दिवस अबोला असायचा.

तर अशा बाईंच्या हाती नाव आली. मग त्यांनी आपली युक्ती काढली. सुई कुठल्या हातात धरायची हे त्यांच्या हाताला आपसूक कळायचं, विचार करावा लागायचा नाही. म्हणून नावेच्या एका बाजूला त्यांनी 'सुई' म्हटलं आणि दुसरीला 'दोरा'. "सुई धरता त्या हाताकडची बाजू सुई, दुसरी दोरा," एवढं सांगितलं की झालं. मुलींना गंमत वाटली. कालव्यावर "सुई जोर! दोरा थांब!" अशा आरोळ्या उठायला लागल्या. पी.टी.च्या सरांनी एकदा विचारलंही, "बाई, सरळ डावं-उजवं का नाही म्हणत?" बाई म्हणाल्या, "डावं-उजवं काय, सगळेच म्हणतात." सरांना वाटलं, असेल बुवा यांची पद्धत.

ही पद्धत पाच वर्षं बिनबोभाट चालली. ती का चालली ते मात्र कोणालाच माहीत नव्हतं, बाईंनाही नाही.

या वर्षी जुनी सुकाणूवाली शाळा सोडून गेली आणि तिच्या जागी सातवीतली एक मुलगी आली. अंगाने एवढीशी, गोल चेहरा, बोलणं बेताचं, म्हणून तिचं नाव पडलं बटण. बाकीच्या चौघी जुन्याच. त्यांतल्या दोघी एकमेकींच्या आत्या-भाची, आणि भाची आत्याहून चार महिन्यांनी मोठी. शाळेत एकाच बाकावर बसायच्या, पण भांडण झालं की आत्या म्हणायची, "वडील माणसांशी असं बोलतात का?" आणि भाची म्हणायची, "आधी माझ्या वयाची हो." तिसरीला उंचीमुळे खांब म्हणत आणि चौथीला तोंडामुळे मिरची.

बटण आल्यावर महिनाभर सराव झाला. आवाज बारीक, पण शब्द खणखणीत. कालवा सरळसोट, पट्टीने आखल्यासारखा. टोकाला पोचलं की नाव थांबवायची आणि सावकाश फिरवायची. ती सहा वर्षं एकाच बाजूने फिरत आलेली, त्यामुळे मुलींचे हात न सांगता चालायचे. मधल्या वाटेत काय ते "जोर!" आणि "अजून दहा!" एवढंच. बाई खूश होत्या. "पोरगी गोड आहे, आणि अजिबात घाबरत नाही," असं त्यांनी घरी सांगितलं.

हंगामातली पहिली शर्यत नदीवर होती. पाच शाळांच्या पाच नावा. नदीला मध्येच एक वळण, आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला कमरेइतकं उंच गवत. सुरुवात झकास झाली. बाई काठावरून सायकल मारत होत्या आणि आपली नाव दुसरी आहे हे बघून त्यांचा भोंगा तोंडापाशी गेला तो तिथेच राहिला.

वळण आलं. बटण उठल्यासारखी होऊन ओरडली, "दोरा जोर! सुई थांब!"

मुलींनी बरोब्बर तेच केलं. आणि नाव वळायच्या ऐवजी उलट दिशेला नाक करून तडक गवताकडे निघाली. बटणला दिसलं, नाव चुकीकडे चालली आहे. म्हणून ती दुप्पट जोराने तेच ओरडली. मुलींची तोंडं मागे. त्यांना वाटलं, एवढी ओरडते आहे तर जोर कमी पडतोय. त्यांनी जीव खाऊन वल्ही मारली. नाव सर्रकन गवतात अर्ध्यापर्यंत शिरली. तिथे एक गृहस्थ गळ टाकून सकाळपासून बसले होते. त्यांच्या मांडीशी येऊन नाव थांबली. गृहस्थांनी नावेकडे पाहिलं, मुलींकडे पाहिलं आणि म्हणाले, "मासा होता हो. आत्ता होता."

बाकीच्या चार नावा पुढे गेल्या. काठावर लोक पोट धरून हसत होते.

परतीच्या बसमध्ये मिरची फुटली. "हिला डावं-उजवंसुद्धा कळत नाही! हिला कशाला बसवलं नावेत?" भाची म्हणाली, "मिरचे, गप." पण म्हणाली ती हळूच. खांब खिडकीतून बाहेर बघत राहिली. बटण बाईंच्या समोरच्या बाकावर, त्यांच्याकडे तोंड करून बसली होती. तिने मान खाली घातली आणि घरापर्यंत वर केली नाही.

बाईंच्या मात्र अंगावर काटा आला. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं वाक्य, शब्दही तेच. त्यांनी मांडीवरची पिशवी हातात घट्ट धरली.

सोमवारी मोठ्या बाईंनी बोलावलं. पी.टी.चे सर आधीच येऊन बसले होते. सर वाईट माणूस नव्हे. उमदा, शिट्टी गळ्यात, सगळ्यांना मदत करायला पुढे. त्यामुळे तर बाईंना त्यांची जास्त भीती वाटायची.

"शहरभर हसं झालं," मोठ्या बाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी परत शर्यत आहे. सर म्हणतायत की नाव ते बघतील."

"तसं नाही, बाईंना नको असेल तर," सर घाईने म्हणाले. "पण चूक मुलीचीच दिसते. माझ्याकडे आठवीत एक आहे, आवाज असा की मैदानाच्या पलीकडे जातो. तिला बसवू."

मोठ्या बाईंनी विचार केला. "मग असं करा. मुलगी बदला. नाव तुमच्याकडेच राहू दे, बाई. चालेल?"

बाईंना इतकं हायसं वाटलं की त्या "चालेल" म्हणून मोकळ्या झाल्या. जिन्यावरून उतरताना त्यांच्या लक्षात आलं की आपण काय कबूल करून बसलो आहोत. पण तोवर घंटा झाली आणि गैरहजर भूगोलाच्या तासाला जावं लागलं.

त्या संध्याकाळी बाई घरी टेबलाशी बसून यजमानांच्या शर्टाला काजं करत होत्या. समोर यजमान ड्यूटीचा तक्ता भरत होते. बाईंनी सुई ओढली आणि सहज वर पाहिलं. त्यांच्या सुईच्या हातासमोर यजमानांचा रिकामा हात होता. पेन धरलेला हात दुसऱ्या बाजूला.

बाई तशाच थांबल्या. मग पुन्हा पाहिलं. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांचे सुईचे हात एका बाजूला येत नाहीत. आणि नावेत सुकाणूवाली बसते ती चौघींच्या समोर.

"अहो!" बाई ओरडल्या. "ती डावरी होती!"

"कोण?"

"जुनी सुकाणूवाली! डाव्या हाताने शिवायची ती! म्हणून तिची सुई आणि या चौघींची सुई एका बाजूला यायची. पाच वर्षं! आणि ही बटण आपल्यासारखी चांगल्या हाताने शिवते. हिची सुई दुसऱ्या बाजूला. मी हिला तेच सांगितलं जे सगळ्यांना सांगते. पोरीने शंभर टक्के बरोबर केलं. चूक माझी आहे."

यजमानांनी पेन खाली ठेवलं. "मग सांग की शाळेत."

"सांगते काय! सांगितलं की सर विचारणार, मुळात सुई-दोरा काढलंच कशाला? मग मला सांगावं लागेल. मग मोठ्या बाई म्हणतील, जिला डावं-उजवं कळत नाही तिच्या हाती मुलींची नाव कशी द्यायची? नाव सरांकडे. मी काय करू मग? सुलेखन?"

"आणि नाही सांगितलं तर?"

"पोरगी जाईल."

यजमान तक्ता भरत राहिले. तीस वर्षांच्या संसारात कुठे गप्प बसायचं ते त्यांना नेमकं कळायला लागलं होतं, आणि ते गप्प बसले की बाईंना जास्त राग यायचा. बाईंनी काज उसवलं आणि पुन्हा केलं.

मंगळवारी बाई शूर झाल्या नाहीत. कालव्याकाठच्या नावघराच्या दाराशी त्यांनी बटणला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "दोन-तीन दिवस आराम कर हं तू. दमली असशील." बारा वर्षांची मुलगी कशाने दमणार? पण तिने "बरं, बाई" म्हटलं. ती घरी गेली नाही. आठवीतली ती मैदानी आवाजाची मुलगी नावेत बसून पाण्यात गेली. मागे राहिलेली बटण एक फडकं घेऊन सुटी वल्ही पुसायला बसली. एकेक वल्हं मांडीवर घेऊन, पात्याच्या दोन्ही बाजू, दांडा, मूठ. कोणी सांगितलं नव्हतं. बाई सायकलवर बसल्या आणि त्या दिवशी काठाकाठाने गेल्या खऱ्या, पण भोंगा त्यांनी तोंडाला लावला नाही.

बुधवारी मधल्या सुट्टीत त्या मोठ्या बाईंच्या खोलीत शिरल्या. सर तिथे खेळाच्या सामानाची यादी घेऊन उभे होते. बाईंना वाटलं, बरं झालं, दोनदा सांगायला नको.

"मॅडम, मला डावं-उजवं कळत नाही," त्या म्हणाल्या.

"कशातलं?"

"कशातलंच नाही. हात-पाय-रस्ते. जन्मापासून."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सुई, दोरा, डावरी, बटण, टेबल, यजमान. मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे, दरवर्षी आपण सगळे शिक्षक संचलनात चालतो, तेव्हा तुम्ही…"

"मी पुढच्या बाईंच्या मागे चालते."

"आणि त्या चुकल्या की?"

"मग मीही चुकते. दोघी चुकल्या की कोणाला कळत नाही."

सरांनी खोकला काढला, पण तो खोकला नव्हता. मोठ्या बाईंच्याही ओठाचा कोपरा हलला. पण त्या पुन्हा चष्मा चढवून मुख्याध्यापिका झाल्या. "सोमवारी का नाही सांगितलंत?"

"सोमवारी सकाळी मला माहीत नव्हतं. संध्याकाळी कळलं."

"आणि काल?"

बाईंनी खाली पाहिलं. "काल मला नाव हवी होती."

मोठ्या बाई म्हणाल्या, "ठीक आहे. तीच मुलगी बसेल. रविवारी शेवटी आलात तरी चालेल, पण पाण्यातून या, गवतातून नको. गवतात गेलात तर सोमवारपासून नाव सरांकडे. यावर आता चर्चा नको."

"आणि मॅडम, आता सरळ डावं-उजवं म्हणू दे त्यांना," सर म्हणाले. "सोपं आहे. मी आज येतो सांगायला."

सर आले. बाईंनी त्यांच्या आधी पाचही मुलींना नावघरात उभं केलं आणि सगळं पुन्हा एकदा सांगितलं. या वेळी जास्त कठीण गेलं. मोठ्या बाईंसमोर नाव जायची भीती होती, इथे लाज होती. "बटणची चूक नव्हती. माझी होती. तिला बोललात ते मला बोला," असं म्हणून त्या थांबल्या. मिरची लाल झाली. तिने आपल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि बाटली बटणपुढे धरली. मिरचीकडून माफी येते ती एवढीच.

मग सर पुढे झाले. "हे बघा, अगदी सोपं. मी 'डावी जोर' म्हटलं की डावीकडच्यांनी जोर लावायचा."

बटणने हात वर केला. "कोणाची डावी, सर?"

सरांनी तोंड उघडलं. बटणकडे पाहिलं, चौघींकडे पाहिलं, स्वतः एकदा मागे वळून उभे राहून पाहिलं, आणि तोंड मिटलं. "विचार करून सांगतो," ते म्हणाले आणि शिट्टी बोटात फिरवत निघून गेले. बाईंना फार समाधान वाटलं. वाटू नये, पण वाटलं.

"हात नकोतच मुळी," आत्या म्हणाली. "हात सगळ्यांना असतात. माणसं घ्या."

"म्हणजे?"

"म्हणजे आम्ही दोघी एका बाजूला. या दोघी दुसऱ्या बाजूला. बटण कुठेही तोंड करून बसली तरी मी मीच असणार ना?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना वाटलं, सहा वर्षं आपण या पोरींना शिकवत होतो की काय करत होतो?

"आत्या-भाची जोर! हे फार लांब होतं ओरडायला," खांब म्हणाली.

"दोघींचं माहेर एकच," बाई म्हणाल्या. "तुमच्या बाजूला म्हणू माहेर."

"आणि आम्ही?" मिरचीने विचारलं, आणि विचारतानाच तिला उत्तर कळलं. "नाही हं! आम्ही सासर नाही होणार! बाई, हा अन्याय आहे. आमचं लग्नसुद्धा झालेलं नाही!"

"सासर जोर लावेल तेव्हा कळेल माहेरला," खांब शांतपणे म्हणाली, आणि प्रश्न मिटला.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तिन्ही दिवस कालव्यावर नुसती वळणं घेतली. बाईंनी काठावर दोन जुन्या खुर्च्या आणून ठेवल्या आणि मुलींना खुर्च्यांना वळसा घालायला लावला, आधी जमिनीवर चालत, मग पाण्यात रिकाम्या पिंपांभोवती. बटण ओरडायची, "माहेर जोर! सासर थांब!" आणि काठावरून जाणारे लोक थबकून बघायचे. एका म्हाताऱ्या आजींनी बाईंची सायकल थांबवून विचारलं, "कसली भांडणं चालली आहेत हो पाण्यात?" "सराव आहे, आजी," बाई म्हणाल्या. "आत्तापासूनच?" आजी म्हणाल्या आणि मान हलवत गेल्या.

रविवारची शर्यत तलावावर होती. जायचं, एका तरंगत्या पिंपाला वळसा घालायचा आणि परत. नेहमीच्याच पाच नावा. मोठ्या बाई स्वतः आल्या होत्या, छत्री घेऊन, ऊन नसताना. सर दुर्बीण घेऊन आले होते. बाईंनी सायकल झाडाला टेकवली आणि चालतच काठाच्या टोकापर्यंत गेल्या.

सुरुवात साधारण झाली. नाव चौथी होती. पिंप जवळ आलं. बाईंनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी त्यांनी ऐकलं ते बारीक, धारदार आवाजात, सबंध तलावावर जाईल असं.

"माहेर जोर! सासर थांब! माहेर, अजून! अजून!"

काठावर हशा पिकला. मागच्या रविवारी हसले होते तसा नव्हे हा, खुशीचा. बाईंनी डोळे उघडले तेव्हा नाव पिंपाला बिलगून, एका हाताच्या अंतरावरून वळत होती. आत्या-भाचीची वल्ही एकदम पाण्यात जात होती, खांब आणि मिरची वल्ही पाण्यावर धरून दगडासारख्या थांबल्या होत्या. मग बटण ओरडली, "सगळं घर जोर!" हे कोणी शिकवलं नव्हतं. चारही वल्ही एकदम उचलली गेली आणि नाव सरळ परतीला लागली.

चौथ्या आल्या, पाचांत चौथ्या. बाई मात्र अशा उड्या मारत होत्या की बघणाऱ्याला वाटावं सोन्याचा चषकच मिळाला.

मोठ्या बाई छत्री मिटवत आल्या. "पाण्यातूनच आली," त्या म्हणाल्या. "नाव तुमची." आणि जाता जाता वळून म्हणाल्या, "ते सासर-माहेर जरा हळू आवाजात नाही का जमणार?"

"नाही, मॅडम," बाई म्हणाल्या.

नंतर नाव पाण्यातून काढून दोन लाकडी घोड्यांवर पालथी घातली. चौघी कपडे बदलायला गेल्या. त्यांचं काठावरच्या खोलीतून जोरजोरात चाललेलं भांडण ऐकू येत होतं, बहुतेक सासरने माहेरला काहीतरी सुनावलं होतं. बाई आणि बटण नाव पुसायला राहिल्या.

"ए बटण," बाई म्हणाल्या, "तुला एक सांगायचं होतं. सोमवारी संध्याकाळीच मला कळलं होतं, चूक माझी आहे म्हणून. मंगळवारी तुला घरी जायला सांगितलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. मी घाबरले होते."

"हो," बटण म्हणाली. ती पुसत राहिली. "मलापण माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सुई उलटी होती ते. त्या रविवारीच कळलं, बसमध्ये. मी तुमच्या समोर बसले होते ना. तुम्ही सुईच्या हातात पिशवी धरली होती, तो हात आणि माझा सुईचा हात एका बाजूला नव्हते."

बाईंच्या हातातलं फडकं थांबलं. "मग बोलली का नाहीस? सगळ्या तुला बोलत होत्या. तुला नावेतून काढलं."

बटणने खांदे उडवले. "मी पुढच्या वर्षी बसले असते. तुम्हाला काढलं असतं तर तुम्ही कुठे बसला असता? शिवण तर आधीच गेलंय तुमचं."

तीन दिवस ही पोरगी गप्प राहिली, मिरचीची बोलणी खाल्ली, फडकं घेऊन वल्ही पुसली, आणि ते सगळं आपल्यासाठी. आणि त्या तीन दिवसांतला दीड दिवस आपणही गप्प बसलो, पण तो स्वतःसाठी. बाईंना लाज वाटली, आणि त्या लाजेच्या आतच कुठेतरी फार सुखही झालं.

"वेडी कुठली," त्या कशाबशा म्हणाल्या.

"बाई, तुमच्याकडची बाजू अजून ओली आहे," बटण म्हणाली.

"हो गं, पुसते," बाई म्हणाल्या, आणि आधी डोळे पुसले.